तेलाच्या घाण्यापासून घरच्या मेजापर्यंत

आपल्या समाजातील जुन्या बिऱ्हाडांत एखादी तरी लाकडी वस्तू अशी आढळते, की जिच्यावर कोणत्याही दुकानाचा शिक्का नसतो. एक पाय दुसऱ्याहून किंचित जाड, एक फळी दुसरीहून रुंद, आणि वस्तू उलटी करून पाहिली तर खोक्यावर छापलेली अक्षरे अजून पुसट दिसतात. आमच्याकडे असे एक स्टूल आहे. वडिलांनी ते बेरशेबात आल्यावर केले. मुंबईस ते एका कचेरीत हिशेबनीस होते. रंधा त्यांनी कधी हातात धरला नव्हता. घर बदलताना मुलांनी ते स्टूल कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवले. मी ते परत उचलून आणले, आणि त्या निमित्ताने आपल्या लोकांचा व लाकडाचा संबंध आठवू लागलो. तो वाचकांपुढे मांडतो.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही आपली परंपरागत कथा सर्वांना ठाऊक आहे. कोकणात आपल्या पूर्वजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शब्बाथला घाणा बंद ठेवल्यामुळे ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. आपण या नावातल्या ‘शनवार’ शब्दावर फार बोलतो. घाण्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो घाणा म्हणजे लाकडाचे एक यंत्रच. कोरलेल्या बुंध्याचे उखळ, त्यात फिरणारी जड लाट, बैलाचे जू, आणि ठिकठिकाणी ठोकलेल्या पाचरी. कोणते लाकूड दाब सोसते, कोणते उकलते, पाचर कधी ढिली होते, हे घाण्यापाशी जन्म काढणाऱ्याला कळल्यावाचून राहत नसे. तरी गावगाड्यात सुताराचे काम सुताराच्याच घराण्याकडे असे. आपला मनुष्य लाकूड जाणत असला, तरी सुतारकी हा त्याचा धंदा नव्हता.

मुंबईत हा बांध सैल झाला. अठराव्या शतकात कुलाब्याच्या गावांतून जी कुटुंबे मुंबईस आली, त्यांतील पुष्कळ पुरुष कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. तर कित्येकांनी सुतारकाम आणि गवंडीकाम पत्करले. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेली आपली पहिली मशीद ‘शआर हारहमीम’ सर्वांना माहीत आहे. पण त्या काळच्या वस्तीत पलटणवाल्यांबरोबर करवत आणि वाकस वापरणारेही होते, हे आपण सहसा सांगत नाही. सुभेदार आजोबांची तसबीर भिंतीवर लागते. सुतार आजोबांची पटाशी अडगळीत जाते.

पुढे इंग्रजी शिक्षण आले. हाईम सामुएल केहिमकर प्रभृतींच्या खटपटीने १८७५ साली आपल्या मुलांसाठी शाळा निघाली. या शिक्षणाने समाजाचे मोठे कल्याण केले, यात शंका नाही. कारकून, शिक्षक, डॉक्टर, रेल्वेतील अंमलदार तयार झाले. परंतु त्याचबरोबर हाताला सरस लागणे कमीपणाचे वाटू लागले. वास्तविक आपल्या धर्माची शिकवण याच्या उलट आहे. बापाने मुलाला तोरा शिकवावी तसाच एखादा हातचा धंदाही शिकवावा, असे कर्तव्य तल्मूदात सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर अवघड प्रश्न सोडविणाऱ्या विद्वानाला तेथे ‘नगार’, म्हणजे सुतार, म्हटले आहे. मिष्कानचा कोश आणि मेज शिट्टीमच्या, म्हणजे बाभळीच्या जातीच्या लाकडाचे होते. कोशाची मापे अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच अशी अक्षरशः दिलेली आहेत. ज्याने ते केले त्या बसालेलचे नाव आजही आपण आदराने घेतो.

आता एरेस इस्राएलकडे वळू. येथे घरी सामान करण्याची परंपरा आपल्या आधीपासूनची आहे. घासलेटचे दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून येत. ते रिकामे खोके म्हणजे पहिल्या वसाहतवाल्यांचे कपाट, मेज आणि खुर्ची. याफाच्या संत्र्यांच्या पेट्यांचाही असाच उपयोग झाला. १९३० नंतर जर्मनीतून आलेल्या कुटुंबांनी आपले सामान ज्या अवाढव्य लाकडी पेट्यांतून आणले, त्या ‘लिफ्ट’ नावाच्या पेट्यांत कित्येकांनी संसारही थाटले. १९५० च्या मे महिन्यापासून माआबारोत उभे राहू लागले. त्या काळी नव्या कुटुंबाला लोखंडी खाट, गादी व पांघरूण मिळे. बाकीचे ज्याने त्याने उभे करावे.

आपली बहुतेक कुटुंबे १९५० आणि १९६० च्या दशकांत आली. डिमोना १९५५ साली वसले, अश्दोद १९५६ साली. कचेरीतल्या खुर्चीवरून उठून आलेला मनुष्य दिवसा कारखान्यात वा बांधकामावर राबे, आणि संध्याकाळी टाकाऊ फळ्या गोळा करून मांडणी ठोके. शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी हातोडी खाली ठेवावी लागे. १९६२ ते १९६४ या वर्षांत आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतल्या जात होत्या, पिढ्यांचे पुरावे मागितले जात होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने आपण सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहोत असे जाहीर केले. बाहेर आपल्या लोकांचा सत्याग्रह चालला असता घरात बाप मुलांच्या पुस्तकांसाठी फळी ठोकत होता. मला ही दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात. येथून आम्ही हलणार नाही, असे दोन्ही सांगतात.

मुंबईहून हौसेने आणलेल्या सागवानी सामानाची मात्र नेगेवमध्ये गंमत झाली. पाळण्याचे दांडे खुळखुळू लागले, पेटीच्या झाकणाला भेग गेली. लोक म्हणाले, दृष्ट लागली! कारण साधे आहे. लाकूड हवेतील दमट धरते व सोडते. ८० टक्के दमट हवेत त्यात सुमारे १६ टक्के पाणी राहते, ४० टक्क्यांत आठाहून कमी. पाणी गेले की लाकूड आडव्या अंगाने आकसते. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुने कारागीर कपाटाच्या दारातील फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवीत, सरसाने चिकटवीत नसत. नव्या हौशी माणसाने पाट करताना हेच ध्यानात ठेवावे. खालच्या दोन आडव्या पट्ट्या सरसाने पक्क्या केल्या, तर पाट फाटणार. मधला स्क्रू घट्ट, टोकाच्या स्क्रूंची भोके लांबट, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. आपल्यासारख्या देशांतर केलेल्यांनाही हा नियम लागू पडतो.

हौस म्हणून लाकूडकाम करण्याची कल्पना शाळांतून रुजवणारा एक मोठा शिक्षक यहुदीच होता. स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळ नेस येथे ऑगस्ट अब्राहमसन या व्यापाऱ्याने १८६८ साली जमीनजुमला घेतला. त्याचा भाचा ओट्टो सॉलोमन (१८४९–१९०७) याने तेथे शिक्षकांना ‘स्लॉइड’ शिकवले. चाकूने सुरुवात करायची, आणि घरात उपयोगी पडेल अशी पुरी वस्तू स्वतः करायची. सुतार तयार करणे हा हेतू नव्हता. श्रमाचा मान राखणारा, स्वतःवर विसंबणारा मनुष्य तयार व्हावा, हा होता. देशोदेशीचे शिक्षक तेथे येऊन गेले. आपल्या मुलांना येथील शाळेत ‘मलाखा’चा तास असे, तेव्हा ती डिक्टची फळी बारीक करवतीने कापून काहीतरी घरी आणीत, हे अनेकांना आठवत असेल. शब्बाथला वर्ज्य अशा एकोणचाळीस कामांनाही ‘मलाखा’ हाच शब्द आहे. सहा दिवस मनापासून केले, तरच सातव्या दिवशी थांबण्याला अर्थ येतो, हे शनवार तेल्यांच्या वंशजांना सांगायला नको.

२००१ साली नेतान्यास आयकियाचे दुकान निघाले आणि खोक्यातले तयार भाग जोडणे एवढेच घरचे सुतारकाम उरले. त्याला माझी हरकत नाही. स्वस्त आणि सोयीचे आहे. परंतु जोडणे वेगळे आणि करणे वेगळे.

शेवटी एकच विनंती. घरात असे बिनशिक्क्याचे स्टूल, पाट, मांडणी असेल, तर टाकण्यापूर्वी उलटे करून पाहा. कोणी केले, कोणत्या गावी, कोणत्या साली, कशाच्या फळ्या, एवढे पेन्सिलीने खाली लिहून ठेवा. आपल्या समाजाचा लिखित इतिहास थोडा आहे. त्याची काही पाने लाकडाची आहेत. वडिलांच्या स्टुलाखाली मी आता तसे लिहिले आहे. एक पाय अजून डगमगतो. त्याखाली पाचर बसवायचे काम नातवाला दिले आहे.