वसुली कोणाची, वाटा कोणाचा?

जव्हारहून मोखाड्यास निघालेल्या माणसाचे १९४८ पूर्वी वाटेत राज्य बदलत असे. जव्हार मुकण्यांच्या संस्थानात, मोखाडा इंग्रजी मुलखातल्या ठाणे जिल्ह्यात. डोंगर तोच, वारली-कोकणा शेतकरी तोच. सारा मात्र दोन निराळ्या तिजोऱ्यांत पडे. संस्थान विलीन झाले आणि मुंबई राज्याची एकच तिजोरी उरली. त्या तिजोरीत दिल्लीहून किती यावे, हा वाद मात्र त्याहून जुना.

१९१९ च्या कायद्याने शेतसारा, अबकारी, जंगल प्रांतांकडे आले आणि आयकर व सागरी जकात मध्यवर्ती सरकारकडे गेली. मुंबई इलाख्याचे दुखणे येथे सुरू झाले. गिरण्यांच्या वाढत्या नफ्यावरील कर दिल्लीस जाणार, आणि शाळा-दवाखाने चालवायचे ते सहसा न वाढणाऱ्या साऱ्यावर आणि दारूच्या उत्पन्नावर! १९३६ च्या निमायर निवाड्याने आयकराचा निम्मा भाग प्रांतांना ठरवला. त्यात मुंबईस शेकडा २० मिळाले. १९५० च्या निवाड्यात चिंतामणराव देशमुखांनी २१ दिले. पुढे नियोगींच्या पहिल्या वित्त आयोगाने राज्यांचा एकूण वाटा ५५ टक्क्यांवर नेला, पण त्याच्या वाटणीत चार हिस्से लोकसंख्येस व एकच हिस्सा वसुलीस मोजला. मुंबई साडेसतरावर आली. ज्याची वसुली त्याचा वाटा, ही तिची मागणी होती.

मागणी अगदीच गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. पण हाच न्याय मोखाड्यास लावून पाहावा. नागली-वरईच्या उतारावर वसुली ती किती होणार? दिवाळी सरली की येथली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. घाम यांचा, पण कराची पावती तिकडच्या गावची. मुंबईच्या पेढीत भरला जाणारा करही साऱ्या देशात खपलेल्या कापडाचाच होता. म्हणजे कर जेथे भरला जातो तेथेच तो पिकतो, हे गृहीत धरणे चुकीचे. दिल्लीपुढे वसुलीचा दाखला देणाऱ्या राज्याला आपल्याच डोंगरातल्या तालुक्यापुढे तो देता येत नाही.

घटनाकारांना हे उमगले होते. २७५ व्या कलमात अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी व अनुसूचित क्षेत्रांसाठी केंद्राचे अनुदान आहे; तेथे वसुली कोणी विचारत नाही. राज्याच्या घरात मात्र हा न्याय यायला फार वेळ लागला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुले दगावली. सुखटणकर समितीच्या शिफारशीप्रमाणे आदिवासींच्या लोकसंख्येइतका, म्हणजे शेकडा ९, योजनाखर्च त्यांच्यासाठी वेगळा काढण्याचे राज्याने मान्य केले, ते १९९३-९४ पासून.