मॅकबुक एअर

अमेरिकेतील ॲपल कंपनीने २००८ मध्ये बाजारात आणलेला पातळ व हलका लॅपटॉप संगणक. लॅपटॉपमध्ये कोणते भाग असलेच पाहिजेत, याविषयीची तोवरची समजूत या यंत्राने बदलली. प्रारंभीचे यंत्र महाग व मंद होते. तथापि त्यामागील रचनेचे तत्त्व पुढील दशकात बहुतेक उत्पादकांनी स्वीकारले.

सुवाह्य संगणकाची कल्पना जुनी आहे. ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने वहीएवढ्या वैयक्तिक संगणकाचा आराखडा मांडला. पडदा कळफलकावर मिटता येणारा ‘ग्रिड कंपास’ हा संगणक १९८२ मध्ये आला. त्याचे वजन सु. ५ किग्रॅ. होते. पातळपणाचे प्रयत्न प्रामुख्याने जपानमध्ये झाले. मित्सुबिशीचा ‘पेडियन’ (१९९८) सु. १८ मिमी. जाडीचा होता, तर सोनीच्या ‘वायो एक्स ५०५’ ची जाडी पुढच्या कडेला १ सेंमी. हूनही कमी होती. परंतु अशा यंत्रांची किंमत फार असे आणि पडदा व कळफलकही बहुधा लहान ठेवावे लागत. त्यामुळे त्यांचा प्रसार मर्यादित राहिला.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील मॅकवर्ल्ड संमेलनात १५ जानेवारी २००८ रोजी स्टीव्ह जॉब्झ (१९५५–२०११) यांनी कचेरीतील कागदपत्रांच्या लिफाफ्यातून हे यंत्र बाहेर काढून दाखविले. त्याची जाडी मागील बाजूस १·९४ सेंमी. असून पुढे ती पाचरीप्रमाणे ०·४ सेंमी. पर्यंत निमुळती होत गेली होती. वजन १·३६ किग्रॅ. होते. पातळपणासाठी पडदा व कळफलक मात्र लहान केलेले नव्हते. पडदा १३·३ इंचांचा व कळफलक पूर्ण आकाराचा होता. इंटेल कंपनीने प्रक्रियकाचे वेष्टन सु. ६० टक्क्यांनी लहान करून दिल्याने मुख्य मंडलफलक आखूड करता आला आणि उरलेली बरीचशी जागा सपाट विद्युत् घटमालेने व्यापली.

या यंत्राचे वेगळेपण त्यात जे नव्हते त्यातही दिसते. सीडी-डीव्हीडी वाचणारे साधन गाळले होते. ते हवे असल्यास ९९ डॉलरांना स्वतंत्रपणे घ्यावे लागे, अथवा शेजारच्या संगणकातील साधन बिनतारी जोडणीद्वारे वापरावे लागे. इथरनेट जोडणीची सोय नव्हती व यूएसबी पोर्ट एकच होता. स्मृती २ जीबी असून ती मंडलफलकावर डाखलेली असल्याने वाढविता येत नसे. घटमालाही बाहेरून काढता येत नसे. मिनिटाला ४,२०० फेरे घेणारी ८० जीबीची छोटी चकती मंद होती. मूळ यंत्राची किंमत १,७९९ डॉलर होती. चकतीऐवजी ६४ जीबीची फ्लॅश साठवण व अधिक वेगवान प्रक्रियक घेतल्यास ती ३,००० डॉलरांवर जाई. यंत्र तापल्यावर त्याचा वेग मंदावतो, अशा तक्रारीही आल्या. म्हणून अनेक परीक्षकांनी त्याची गणना कामाच्या साधनापेक्षा चैनीच्या वस्तूत केली.

या कल्पनेला व्यवहार्य रूप २० ऑक्टोबर २०१० रोजी सादर झालेल्या दुसऱ्या पिढीत मिळाले. फिरती चकती पूर्णपणे काढून सर्व यंत्रांत फ्लॅश साठवण देण्यात आली, यूएसबी पोर्ट दोन झाले आणि ११·६ इंची यंत्राची किंमत ९९९ डॉलरांपासून सुरू झाली. इंटेलने २०११ मध्ये ‘अल्ट्राबुक’ या नावाने पातळ यंत्रांची योजना पुढे आणली व इतर उत्पादक त्याच वाटेने गेले. यथावकाश बिनतारी जाल सर्वत्र पोहोचले, आज्ञावल्या जालावरूनच मिळू लागल्या आणि गाळलेल्या साधनांची उणीव जाणवेनाशी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतः आराखडलेला ‘एम १’ प्रक्रियक वापरून यंत्रातील पंखाही काढून टाकला. २०२२ च्या यंत्रात पाचरीचा आकार जाऊन सर्वत्र १·१३ सेंमी. अशी सारखी जाडी आली.

पातळपणाची किंमतही मोजावी लागली. २०१८ च्या यंत्रातील अत्यंत पातळ रचनेच्या कळा बिघडत असल्याने कंपनीला त्यांची दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी लागली आणि २०२० मध्ये जुनी रचना पुन्हा स्वीकारावी लागली. २०१८ पासून स्मृतीप्रमाणे साठवणही मंडलफलकाशी कायमची जोडली गेली. त्यामुळे एक भाग निकामी झाल्यास सबंध फलक बदलण्याची वेळ येते आणि टाकाऊ इलेक्ट्रॉनीय वस्तूंत भर पडते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या विनियमात, काही अपवाद वगळता, उपकरणांतील घटमाला वापरणाऱ्यास स्वतः बदलता यावी अशी तरतूद आहे. वाहून नेण्याची सोय ग्राहकास मिळाली. परंतु आपले यंत्र उघडण्याची, सुधारण्याची व अधिक वर्षे वापरण्याची मुभा त्याच्या हातून बऱ्याच अंशी गेली. २००८ च्या या यंत्राचे ऐतिहासिक मूल्यमापन करताना या दोन्ही परिणामांची नोंद घ्यावी लागते.