मॉरिशसला जाताय? समुद्रकिनाऱ्यापलीकडचं बेट कसं पाहायचं?

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि हनिमूनचे फोटो. पण हिंदी महासागरातल्या या बेटाची खरी ओळख किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की होते. १७ व्या शतकापर्यंत इथे माणसांची कायमची वस्तीच नव्हती. ‘मूळ रहिवासी’ असे कुणी नव्हते. डच, फ्रेंच, आफ्रिकी, भारतीय, चिनी असे सगळे बाहेरून आले. काही सत्ता गाजवायला, काही व्यापाराला आणि बहुसंख्य राबायला.

हे लक्षात ठेवून बेट पाहिलं, तर तिथली जंगलं, डोंगर, देवळं आणि जुन्या इमारती एकाच गोष्टीचे भाग वाटू लागतात.

बेट थोडक्यात

मॉरिशस बेट ज्वालामुखीतून तयार झालं. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरांच्या कितीतरी पट. डच खलाशी १५९८ मध्ये इथे उतरले आणि प्रिन्स मॉरिस यांच्यावरून त्यांनी बेटाला नाव दिलं. त्यांची पहिली वसाहत १६३८ मध्ये उभी राहिली. १७१० मध्ये डच निघून गेले. पुढे १७१५ मध्ये फ्रेंच आणि १८१० मध्ये ब्रिटिश आले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

आप्रवासी घाट, पोर्ट लुई

राजधानी पोर्ट लुईच्या बंदरालगत काळ्या दगडातल्या काही खोल्या आणि पायऱ्या आहेत. दिसायला साधी वाटणारी ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००६ पासून आहे.

१८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी भारतातून करारावर माणसं आणायला सुरुवात केली. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख मजूर मॉरिशसला उतरले. १८४९ मध्ये हे केंद्र सुरू झाल्यावर जहाजातून आलेल्यांची नोंद इथे होई आणि मग त्यांची मळ्यांवर रवानगी केली जाई. मूळ वास्तूचा थोडाच भाग आज उरलाय, पण शेजारच्या माहिती केंद्रात सगळा प्रवास नीट मांडलेला आहे.

मराठी वाचकांसाठी इथे एक वेगळा धागा आहे. या मजुरांमध्ये मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये ‘मराठी’ म्हणून ओळखले जातात. रोजच्या बोलण्यात क्रिओल भाषा आली, तरी शाळांमधून मराठी शिकवली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जतन केल्या आहेत. अनेक कुटुंबं त्यांतूनच आपलं मूळ गाव शोधतात.

ल मॉर्न : डोंगर आणि त्याची आठवण

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा कातळी डोंगर म्हणजे ल मॉर्न. १८ व्या आणि १९ व्या शतकात मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींमध्ये आणि माथ्यावर लपून राहत.

लोकांमध्ये सांगितली जाणारी कथा अशी : गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले. ते पकडायला आलेत असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही घटना जशीच्या तशी घडली का, यापेक्षा ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, हे महत्त्वाचं. २००८ मध्ये हा डोंगरही जागतिक वारसा ठरला. दरवर्षी १ फेब्रुवारीला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, इथे आदरांजली वाहिली जाते.

वर जाणारी वाट शेवटच्या टप्प्यात खडी आहे. पहाटे निघावं, पायात चांगले बूट हवेत. शेवटच्या चढासाठी वाटाड्या घेतलेला बरा.

शामारेल आणि उरलेलं जंगल

ल मॉर्नच्या जवळच शामारेलची ‘सात रंगांची माती’ आहे. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन तिथे माती झाली. तिच्यातल्या लोहामुळे लाल-तपकिरी आणि ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळ्या छटा दिसतात. ऊन तिरपं असताना रंग जास्त उठून दिसतात. धबधबा त्याच परिसरात आहे.

इथून डोंगर चढत गेलं की ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान लागतं. लाकडासाठी आणि उसासाठी बेटावरचं बहुतेक मूळ जंगल तोडलं गेलं. जे वाचलं, त्याचा मोठा भाग इथे आहे. बेटाचं सर्वोच्च शिखरही याच बाजूला आहे, ८२८ मीटर.

जिथे जंगल परत आणलं जातंय

उडता न येणारा डोडो पक्षी फक्त मॉरिशसमध्येच होता. माणूस आल्यावर शतकभराच्या आतच तो संपला. शिकार हे एक कारण होतंच, पण जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी त्याची अंडी फस्त केली. पोर्ट लुईच्या निसर्ग संग्रहालयात त्याचा सांगाडा पाहायला मिळतो.

डोडो गेला, पण सगळेच गेले नाहीत. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरला होता. गुलाबी कबुतरंही १९९० च्या आसपास दहा-बाराच राहिली होती. कृत्रिम प्रजनन आणि संरक्षणामुळे दोघांची संख्या आज शेकड्यांत आहे.

हे काम जवळून पाहायचं तर आग्नेय किनाऱ्यावरचं इल ओ एग्रेत हे छोटं बेट गाठावं. फक्त २६ हेक्टरचं. वाटाड्यासोबत ठरलेल्या वेळीच जाता येतं. बेटावरची मूळ कासवं नामशेष झाल्यामुळे इथे अल्दाब्रा बेटाच्या जातीची महाकाय कासवं आणली. ती एबनीची फळं खातात, बिया विष्ठेतून पडतात आणि नवी रोपं उगवतात.

याच किनाऱ्याजवळ जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर आदळलं आणि सुमारे एक हजार टन तेल समुद्रात पसरलं. तेव्हा स्थानिकांनी उसाची पाती भरलेले तरंगते बांध शिवून पाण्यात सोडले होते.

गंगा तलाव

बेटाच्या मध्यावर ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं तळं आहे. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळण्यात आलं आणि ते ‘गंगा तलाव’ झालं. शेजारी ३३ मीटर उंच शिवमूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीला देशभरातून भाविक कावड घेऊन चालत येतात. त्या आठवड्यात रस्ते भरलेले असतात. सोहळा पाहायचा असेल तर जरूर जावं, नाहीतर वेगळी तारीख निवडावी.

जाण्याआधी हे माहीत हवं

* हवामान : बेट दक्षिण गोलार्धात आहे. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि थंड असते. जानेवारी ते मार्च वादळांचा धोका जास्त.
* व्हिसा : भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ हवं. निघण्यापूर्वी ताजे नियम पाहावेत.
* सामान : फळं, बिया, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. हापूसची पेटी घरीच ठेवावी. उपऱ्या जीवांनी या बेटाचं किती नुकसान केलं, हे पाहता नियम कडक का आहेत ते समजतं.
* दिवसांची आखणी : पोर्ट लुई आणि पॅम्प्लमूसचं वनस्पती उद्यान एका दिवसात होतं. गंगा तलाव, शामारेल आणि जंगल दुसऱ्या दिवशी. ल मॉर्न चढायचा असेल तर वेगळी सकाळ ठेवावी. इल ओ एग्रेत विमानतळाच्या बाजूला आहे, म्हणून ते पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी.
* खाणं : रस्त्यावर मिळणारी ‘ढोल पुरी’ म्हणजे चणाडाळ भरलेली मऊ पोळी, सोबत रस्सा आणि चटणी. पुरणपोळीची ही तिखट बहीण बिहारी मजुरांबरोबर तिथे पोहोचली.
* समुद्रात : प्रवाळावर उभं राहू नये, काहीही तोडू नये. पायाखाली दगड वाटतो, तो जिवंत असतो.