गृहपाठाची सवय : घर, वेळ आणि समज

गृहपाठ न करणाऱ्या मुलाला आपण चटकन 'आळशी' म्हणतो. हे म्हणणे कितपत योग्य आहे, ते इतिहासातील दोन प्रसंगांच्या आधारे तपासून पाहू.

पहिला प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभीचा, मुंबईतील परळचा. चाळीतल्या एका खोलीत रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहत होते. मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, अशा जागेत अभ्यास कुठे करायचा? वडिलांनी मार्ग काढला. भीमराव लवकर झोपे. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून त्याच्याच जागी आडवे होत. रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास सुरू होई. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढचे डॉ. आंबेडकर आपण जाणतोच. त्यांची जिद्द असामान्य होतीच. पण त्या जिद्दीला वेळ आणि जागा मिळवून द्यायला वडील रोज अर्धी रात्र जागत होते.

दुसरा प्रसंग स्वातंत्र्योत्तर काळातला. १९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९९३ च्या अहवालाने दाखवून दिले की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या मजकुराचे ओझे अधिक घातक असते. प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको. द्यायचाच तर घर-परिसराचा शोध घेण्यापुरता द्यावा, अशी शिफारस समितीने केली. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने मर्यादा सुचवल्या : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, त्यापुढे रोज दोन तास.

आता दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहा. सवय लागण्यासाठी ठरलेली वेळ, बसायला जागा आणि वर्गात समजलेले काम, या तिन्ही गोष्टी लागतात. धोरण कामाचे तास कमी करू शकते. दिवा आणि कोपरा मात्र घरालाच शोधावा लागतो.

तुमच्यापैकी अनेकजण धाकट्या भावंडांना शिकवत असाल, काही पुढे शिक्षक व्हाल. वही कोरी दिसली, तर रागावण्याआधी विचारा : "काल तू कुठे बसला होतास? यातले काय समजले नाही?"

विचार करा : तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी घरात कोणी काय सोडले?