रंग चुकलेली फुले आणि म्युरिएल व्हेल्डेल

निळ्या गोकर्णाच्या शेजारी पांढरी गोकर्ण फुललेली आपण सर्वांनीच पाहिली आहे. वेगळी म्हणून आपण ती कौतुकाने देवाला वाहतो, आणि विषय तिथेच संपतो. पण फुलाचा रंग हरवतो कसा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील केंब्रिज येथे एका तरुणीने मनावर घेतला. तिचे नाव म्युरिएल व्हेल्डेल.

तिचा जन्म १८८० साली बर्मिंगहॅमला झाला. न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात ती १९०० साली दाखल झाली आणि १९०२ व १९०४ अशा दोन्ही परीक्षांत पहिल्या वर्गात आली. आता पदवी मिळायची, असे आपल्याला वाटेल, पण छे! मुलींनी परीक्षेला बसायला केंब्रिजची ना नव्हती, पूर्ण पदवी मात्र त्यांना १९४८ सालापर्यंत दिली नाही.

विल्यम बेटसन हे मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचे मोठे पुरस्कर्ते. न्यूनहॅमच्या कित्येक मुली त्यांच्याबरोबर प्रयोग करीत. त्यांतल्या एका प्रयोगात स्वीट पीच्या दोन पांढऱ्या जातींचा संकर केला, तर पुढची पिढी चक्क जांभळी निघाली! यात जादू काही नाही. एका घरी तांदूळ नाहीत, दुसऱ्या घरी सरपण नाही; दोघींनी मिळून केले की भात शिजतो, तसेच हे. दोन्ही जाती पांढऱ्याच, पण दोघींची उणीव निरनिराळी.

म्युरिएलने १९०३ पासून अँटिऱ्हिनमचे झाड हाती घेतले. चिमटीत दाबले की जबडा उघडणारे ते फूल थंडीत आपल्याकडच्या बागांतूनही दिसते. किरमिजी, पिवळी, हस्तिदंती, पांढरी अशा झाडांचे संकर करून, संततीतली फुले मोजून, कोणता रंग कोणत्या गुणघटकावर अवलंबून आहे हे तिने १९०७ साली मांडले. पण नुसत्या मोजणीवर तिचे समाधान होईना. रंग हा शेवटी एक पदार्थ आहे, मग तो कोणता? १९१३ साली बॅसेट या सहकाऱ्याबरोबर तिने हस्तिदंती पाकळ्यांतले द्रव्य ओळखले. ते एपिजेनिन होते. बिघडलेल्या झाडावरून चांगल्या झाडाची कृती वाचायची, ही तिची खुबी. कुठे काय अडले हे पाहिले की कोणत्या पायरीनंतर काय येते ते उमगते.

तिचा एक तर्क मात्र चुकला. एपिजेनिनसारख्या फिकट द्रव्यापासूनच तांबडा रंग, म्हणजे अँथोसायनिन, तयार होतो असे तिला वाटे. पुढे कळले की दोन्ही एकाच पूर्वद्रव्यापासून फुटलेल्या वाटा आहेत. मायलेकी नव्हेत, बहिणी. आज आपल्याला ठाऊक आहे की अँटिऱ्हिनमच्या ‘निव्हिया’ नावाच्या पांढऱ्या वाणात अगदी आधीच्या पायरीचे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे द्रव्य) नसते, म्हणून त्यात हेही नाही आणि तेही नाही. ‘इनकोलोराटा’ या वाणात नंतरच्या पायरीचे विकर नसते. त्यामुळे फिकट द्रव्य बनते, तांबडा रंग बनत नाही.

जांभूळ, कोकम, वांग्याची साल यांचा रंग याच अँथोसायनिनचा. (बीट आणि लाल माठ मात्र या घराण्यातले नव्हेत; त्यांचे रंगद्रव्य अगदी निराळे.) या रंगांवर तिने १९१६ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. १९१९ साली ह्यूइया ऑन्स्लो या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला. पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघातामुळे ते आधीच अंथरुणाला खिळलेले होते, आणि १९२२ साली वारले. तिने काम सोडले नाही. १९२६ साली केंब्रिज विद्यापीठाने तिला जीवरसायनशास्त्राची व्याख्याती नेमले. असा मान मिळालेल्या पहिल्या काही स्त्रियांत ती होती. १९३२ साली ती निवर्तली.

तिच्या हाताखाली शिकलेल्या रोझ स्कॉट-मॉन्क्रीफ यांनी पुढे अनेक फुलांच्या रंगांमागचे गुणघटक आणि त्यांचे रसायन तपासून १९३६ साली मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्या कामाला ज्यांनी उत्तेजन दिले ते जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.