रोजगार हमी ते स्वयंरोजगार : बपेरा परिसराच्या संदर्भात शासकीय योजनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव वसलेले आहे. धान हे या परिसराचे प्रमुख पीक होय. धानाची रोवणी व कापणी वगळता शेतीत कामाची मागणी मर्यादित असते. शिक्षणाचा प्रसार झाल्यानंतर ग्रामीण बेकारीला सुशिक्षित बेकारीचीही जोड मिळाली. शासनाने या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हक्काकडून कर्जाकडे :
वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजनेचा विस्तार झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमी कायदा अंमलात आला. काम मागणे हा ग्रामीण प्रौढाचा हक्क ठरला. त्यासाठी व्यवसाय कराच्या रूपाने शहरी उत्पन्नाचा वाटाही घेण्यात आला. २००६ मध्ये राष्ट्रीय योजनेच्या पहिल्या टप्प्यात भंडारा जिल्ह्याचा समावेश झाला. परंतु ही हमी अंगमेहनतीच्या अकुशल कामाची होती. शिकलेल्या तरुणाची अपेक्षा तिच्यात सामावत नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९७९ मध्ये ग्रामीण युवकांसाठी ‘ट्रायसेम’ प्रशिक्षण योजना, १९८३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगार योजना आणि २ ऑक्टोबर १९९३ रोजी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. शेवटच्या योजनेत आरंभी एक लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पास बँक कर्ज व १५ टक्के, कमाल ७,५०० रुपये अनुदान होते. २००८ मध्ये तिचे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात विलीनीकरण झाले. २०१९ मध्ये राज्याने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन ठरले; मात्र ते ठरावीक मुदतीपुरतेच होते.

विश्लेषण :
या प्रवासात एक मूलभूत बदल दिसतो. रोजगार हमीत काम देण्याची जबाबदारी शासनाची होती. कर्ज योजनांत काम निर्माण करण्याची जबाबदारी तरुणावर आली. मागणीचा हक्क जाऊन अर्ज आला व निर्णय बँकेच्या हाती गेला. धानावर अवलंबून असलेल्या गावात ग्राहकाची क्रयशक्ती हंगामानुसार बदलते, कर्जाचा हप्ता मात्र दरमहा येतो. त्यामुळे उद्योग बंद पडल्यास बेकार तरुण थकबाकीदारही ठरतो.

समारोप :
मंजूर कर्जप्रकरणांची संख्या म्हणजे निर्माण झालेला रोजगार नव्हे. पाच वर्षांनंतर किती उद्योग टिकले, हाच योजनेच्या यशाचा खरा निकष ठरावा. बपेऱ्यासारख्या सीमावर्ती गावात धानप्रक्रियेशी निगडित व्यवसाय, बाजारपेठेची जोड आणि हंगामाशी सुसंगत कर्जफेड यांचा एकत्रित विचार झाल्यासच अनुदानाचे रूपांतर स्थायी रोजगारात होऊ शकेल.