घटक किती धरावे?

कामगाराला एकच आकडा चिकटवून त्याची पायरी ठरविण्याचा उद्योग आम्ही वाटाघाटींत पुष्कळ पाहिला आहे. म्हणूनच मानसशास्त्रातील एका जुन्या वादाने आमचे लक्ष वेधले. माणसाची बुद्धी मोजावयाची, तर ती एक समजावयाची की अनेक? आणि अनेक, तर किती?

वादाला तोंड फोडले चार्ल्स स्पिअरमन या इंग्रजाने. बरीच वर्षे लष्करात काढून हे गृहस्थ या शास्त्राकडे वळले होते. एका विषयात पुढे असलेला मुलगा बहुधा दुसऱ्यातही पुढे असतो, असे त्यांना आढळले. त्यावरून सर्वांच्या मुळाशी एकच सामान्य बुद्धी आहे, असे त्यांनी १९०४ साली मांडले. शिकागोच्या लुई थर्स्टन यांना ते पटेना. पन्नासांवर चाचण्या घेऊन १९३८ साली त्यांनी शब्दांची समज, आकडेमोड, स्मरण अशा निरनिराळ्या शक्ती दाखविल्या.

गंमत अशी, की तेच गुण एक घटक धरूनही मांडता येतात आणि सात धरूनही. कोठे थांबावे, हे गणित आपण होऊन सांगत नाही. इकडे इंग्लंडात १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर मुले वेगवेगळ्या शाळांत वाटली जात होती, आणि त्या परीक्षेत बुद्धिमापनाला मोठे स्थान होते. पंडितांचा वाद अनिर्णित. मजुराच्या पोराची शाळा मात्र ठरून गेलेली!

थांबण्याचा सोपा नियम १९६० साली हेन्री कैसर यांनी पुढे आणला. प्रत्येक प्रश्नाचे वजन एक धरावे, आणि ज्या घटकाचे वजन एकाहून अधिक भरत नाही तो टाकून द्यावा. रेमंड कॅटेल यांनी १९६६ साली निराळी वाट सुचविली. घटकांची वजने उतरत्या क्रमाने आलेखावर मांडावी. कडा संपून पायथ्याची दगडमाती लागली की थांबावे. पण कडा नेमका कोठे संपला, हे शेवटी पाहणाऱ्याच्या नजरेवरच!

आम्हांस सर्वांत पटली ती जॉन हॉर्न यांची १९६५ ची युक्ती. माणसे तितकीच, प्रश्न तितकेच. उत्तरे मात्र जणू चिठ्ठ्या टाकून काढलेली. अशा निरर्थक आकड्यांतूनही घटक निघतात आणि पहिल्या काहींचे वजन एकाहून अधिक भरते. म्हणजे कैसरच्या चाळणीतून निव्वळ योगायोगही सुखरूप पार होतो! तेव्हा खऱ्या उत्तरांतील पहिला घटक निरर्थकातील पहिल्याशी ताडावा, दुसरा दुसऱ्याशी. जड भरेल तोवरच ठेवावा. माल घालण्यापूर्वी वाणी रिकामी पारडी पाहतो, तशातलाच हा प्रकार.

झ्विक आणि व्हेलिसर यांनी १९८६ साली हे नियम एकमेकांशी ताडून पाहिले. हॉर्नची रीत अचूक ठरली. कैसरचा नियम घटक वाजवीपेक्षा फार मोजतो, असे दिसले. तरीही संगणकाच्या तयार कार्यक्रमांत कैसरचाच नियम मुळात बसविलेला असल्यामुळे, कोणी मुद्दाम बदलला नाही तर तोच लागू होत राहिला, आणि बदलण्याची तसदी फारसे कोणी घेतली नाही.